येरमाळ्याचा चार दिवसांचा समुद्र

येरमाळ्यात एकेकाळी समुद्र होता, हे मी सिद्ध केलं. तो समुद्र चार दिवस टिकला.

मी भूगोलाचा मास्तर, नुकताच रिटायर झालेलो. (म्हणजे माहिती भरपूर आणि ऐकणारं कुणी नाही.) शेतातल्या हौदापाशी, बायको कपडे धुते तिथं, मला एक काळा तिकोनी दात सापडला. चकचकीत, कडा करवतीसारख्या. टूथब्रशनं घासून लख्ख केला, मोबाइलवर चित्राशी जुळवला. शार्क!

आपल्याकडं खाली सगळा लाव्हारसाचा काळा दगड, हे मी तीस वर्षं शिकवलं. पण एका दातापुढं तीस वर्षं कुठं टिकतात? पारावर जाऊन जाहीर केलं, "आपल्या रानात समुद्र होता."

"मग पाणी कुठं गेलं?" एकानं विचारलं. ऐन उन्हाळ्यात दुसरं काय विचारणार!

दुसऱ्या दिवशी शेजारचे शिवलिंग अप्पा पोतं घेऊन आले. "गुरुजी, ओढ्याकाठी खड्डा खांदताना ह्यो मणका घावला. लई जड हाय. तुमच्या शार्कचाच व्हय?"

मी लांबूनच पाहिलं. "अप्पा, शार्कचा मणका चकतीसारखा गोल असतो. ही म्हैस आहे. टाकून द्या."

"मरायच्या आधी दगड खाल्ल्यात वाटतं म्हशीनं," असं पुटपुटत अप्पा गेले.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. प्राची पुण्यात भूशास्त्र शिकते. कच्छच्या सहलीवरून ती परस्पर घरी येऊन गेली होती. आवाज रडवेला. "बाबा, कच्छमधून आणलेल्या दातांतला एक कमी आहे. सोमवारी सगळे सरांना दाखवायचेत. माझी बॅग कुणी धुतली का?"

"मीच की. हौदावर," बायको मागून म्हणाली.

समुद्र आटायला लागला तो तिथंच. "प्राची, त्या दातावर पांढऱ्या शाईनं काही लिहिलेलं होतं का?"

"हो. चौदा नंबर."

"आता नाही."

चौथ्या दिवशी ती दात न्यायला आली. दात मुठीत घट्ट धरून आधी रागावली, मग हसली, मग मला सगळं विचारत सुटली. बोलता बोलता मी म्हैस सांगितली, तशी ती थांबली. "दगडासारखी जड? कुठं टाकली?"

आम्ही अप्पांच्या गोठ्याकडं पळालो. मणका कडब्यावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेला. प्राचीनं तो पुसला, निरखला आणि चक्क जीभ लावली. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं.

"चिकटतेय," ती म्हणाली. "खूप जुनं हाड असंच जिभेला चिकटतं. बाबा, हाडाचा दगड झालाय. शार्क नाही, कुठल्यातरी मोठ्या रानजनावराचा दिसतोय. सरांना दाखवायला पाहिजे. कच्छमधले दात आमच्या आधी हजारोंनी वेचले असतील. पण हे आपल्या ओढ्यातलं आहे. अप्पा, खड्डा बुजवू नका हं."

"न्हाय बुजवत पोरी," अप्पा म्हणाले. "पण गुरुजींना तेवढं लांब ठेव."

प्राचीचे सर पुढच्या महिन्यात खड्डा बघायला येतायत. अप्पांनी मोठ्या मनानं मला माफ केलंय, आणि रोज सकाळी आम्ही दोघं ओढ्याकाठचं जे सापडेल ते जिभेला लावून बघतो. अजून काही चिकटलेलं नाही. बायकोनं एकच अट घातलीय: उंबरठा ओलांडायच्या आधी चूळ भरायची.