स्कूटीमागचा गळ

दहिवलीला समुद्र नाही, हे समुद्रावर वापरायचं रीळ घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याचं असं झालं. माझे सासरे, म्हणजे अप्पा, खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. तेव्हापासून अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. बोलणं म्हणजे "हूं" नाहीतर "नको". मी आल्याचा चहा द्यायचे, "हूं". शिरा करायचे, "नको". एकदा मात्र जेवताना आपणहून म्हणाले, "पोशीरला होतो तवा मी गळ टाकायचो."

चार महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य! मी पोळी तव्यावर तशीच सोडून मोबाइल उचलला. (पोळी जळली. अप्पांनी मुकाट्याने खाल्ली.)

रीळ म्हणजे दोरा गुंडाळायचं चाक, एवढीच माझी समज. मोबाइलवर बघते तर चाकांची जत्रा! डोळे दुखेपर्यंत शोधल्यावर एक स्वस्तातलं सापडलं. खाली लिहिलं होतं, 'सॅमन माशासाठी ट्रोलिंग रीळ'.

"सॅमन म्हणजे आपला रावसच की!" मी नवऱ्याला म्हणाले. "अप्पांना रावस किती आवडतो."

"आणि ट्रोलिंग?" मिलिंदने विचारलं. "ते मोबाइलवर लोकांना छळतात ते ना?"

"मी काही घेतलं की तुला शंका!" असं म्हणून मी ऑर्डर देऊन टाकली.

रीळ आलं. नारळाएवढं! सोबतच्या कागदावर चित्र होतं: अथांग समुद्र, धावती बोट आणि बोटीमागे सोडलेला दोरा. अप्पांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"सुनीता, ह्ये बोटीमागं ओढत न्यायचं हाय गं. आपल्याकडं बोट कुठं हाय?"

शहाण्या बाईने इथेच गाशा गुंडाळला असता. पण स्वस्तातला माल ते परत घेत नव्हते, आणि अप्पांची मान पुन्हा खिडकीकडे वळायला लागली होती.  मी बोलून गेले, "बोट नाही, पण स्कूटी आहे ना!"

रविवारी सकाळी आम्ही कालव्यावर हजर. पाण्याला लागूनच कच्चा रस्ता. मी स्कूटी चालवणार, मागे अप्पा माझ्या पाठीला पाठ लावून उलटे बसणार, त्यांच्या हातात रीळ बांधलेली काठी, पाण्यात गळ. मिलिंद "मी तुम्हाला ओळखत नाही" म्हणून पुलावरच थांबला.

"हळू गं!"

"हळूच आहे, अप्पा!"

शंभरेक पावलं छान गेली. मग रीळ ओरडलं. कर्रर्रर्र!

"लागला! लागला!" अप्पा ओरडले. हा आवाज मी विसरूनच गेले होते! आनंदाच्या भरात माझ्याकडून स्कूटीचा कान जरा जास्तच पिळला गेला.

"दोरा गुंडाळा, अप्पा!"

"कशानं गुंडाळू? हँडल हातात आलं!"

तेवढ्यात मागून किंकाळी आली. "आरं द्येवा! माजी गोधडी चालली!"

आरशात पाहिलं. कालव्याच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या हिराबाई नातीसकट काठाने धावत होत्या, आणि त्यांची लाल-हिरवी गोधडी पाण्यातून मोठ्या थाटात आमच्या मागे येत होती.

मी करकचून ब्रेक दाबला. उलटे बसलेले अप्पा पाठीने माझ्यावर आदळले आणि मी थेट कालव्यात! कंबरभर पाणी, नाकात शेवाळ. अप्पा काठी धरून काठावर सुखरूप उभे.

"तुमी शाळेतल्या बाई ना?" हिराबाई कडाडल्या. "पोरांना ह्येच शिकवता व्हय?"

 गोधडी मधोमध फाटली होती, रीळ मोडलं होतं, स्कूटी आडवी पडली होती. मी पाण्यात उभी राहून रडायच्या बेतात होते. तेवढ्यात हिराबाईंचे यजमान आले. त्यांनी रीळ उलटंपालटं करून पाहिलं आणि अप्पांना विचारलं, "ह्ये ट्रॅक्टरचं हाय का वो?"

अप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मी रडलेच.

"उद्या या सकाळी," यजमान म्हणाले. "बांबूची काठी देतो. गांडुळं बी हायेत."

आता अप्पा रोज सकाळी तिकडे असतात. मला बरोबर नेत नाहीत. मासे पळतात म्हणे. गोधडी शिवायला मला दोन रविवार लागले, आणि हिराबाईंनी माझे टाके सगळे उसवून पुन्हा घातले.

परवा मी वर्गात विचारलं, "आपल्या कालव्यात कोणकोणते प्राणी आढळतात?" मासा, बेडूक, खेकडा अशी उत्तरं आली. मग हिराबाईंची नात उभी राहिली.

"बाई, तुमी!"

डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर चूक कसं म्हणणार? मी ते फळ्यावर लिहिलं. खेकड्याच्या खाली.