आत दुमडलेलं कापड

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला नवी पेठेतल्या बोळातली ती रणरणती दुपार आठवते. डॉक्टरांनी वजनासाठी पोटाचं ऑपरेशन सुचवलं होतं, पण मी हट्टानं वर्षभर मोजूनमापून खाऊन चाळीस किलो उतरवले होते. त्या दुपारी आमच्या म्हाताऱ्या टेलरचाचांकडे मी चौथ्यांदा ब्लाउज आत घ्यायला नेला. वर पत्रा तापलेला, पंखा नुसता गरम वारा ढकलत होता. "जादाचं कापड कापूनच टाका चाचा, मी काही परत जाड होत नाही," मी ऐटीत म्हणाले. चाचांनी टेप लावली, वहीतलं दिवाळीचं माप बघितलं, पुन्हा टेप लावली. "डाएट चालूच हाय का?" "छे! दिवाळीलाच सोडलं की. भाकरी, शेंगाचटणी, सगळं खाते." "मग हे दोन इंच कुटं गेले, बेटा?" मी हसले, ते हसले नाहीत. कात्री बाजूला ठेवून त्यांनी कापड आत दुमडलं आणि टीप मारली. "आधी डॉक्टरला दाखव, मग कापू." मी दाखवायला आणखी चार महिने लावले, तोवर पोटातला आजार बराच पुढे गेला होता. आता वजन वाढावं म्हणून रोज भाकरीवर तूप घेते, पण ती टीप उसवायची वेळ अजून आलेली नाही.