एकाच कानाचं यंत्र

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे. तिथे एकतीस वर्षं एकच माणूस बसत असे. सगळे त्यांना कानवाले म्हणत. ऐकू न येणाऱ्याच्या कानात गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट झाला की साचा काढायचा आणि त्यावर यंत्र बसवायचं, हे त्यांचं काम. "आता दहा मिनिटं बायकोचं काही ऐकू येणार नाही, मजा करा," हा त्यांचा विनोद मी स्वतः तीनदा ऐकला.

सुरुवातीला दोन्ही कानांची यंत्रं फुकट मिळत. पुढे सरकार एकाच कानाचे पैसे देऊ लागलं. दुसऱ्याचे ज्याचे त्याने भरायचे. मग यंत्राचे सेलही विकत घ्यावे लागू लागले. माझ्या रोजनिशीत या सगळ्याच्या तारखा आहेत. दुसरं यंत्र म्हणजे आमच्या ह्यांची चार महिन्यांची पेन्शन, म्हणून आम्ही एकावर भागवलं. कानवाल्यांनी तपासून जो कान बरा होता तो निवडला. डावा.

आमच्याकडे ह्यांच्या खुर्चीच्या डावीकडे रस्त्याची खिडकी आणि माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला. तीन वर्षं ह्यांना रस्त्यावरचे फेरीवाले स्पष्ट ऐकू येत होते, मी नाही. खुर्च्या बदलाव्यात हे दोघांनाही सुचलं नाही. हे गेल्यावर सामान हलवताना माझ्या लक्षात आलं. यंत्र परत करायला गेले तेव्हा मी कानवाल्यांना ते सांगितलं. ते बराच वेळ हातातला साचा पुसत राहिले.

त्यानंतर ते प्रत्येकाला आधी विचारू लागले, "घरात तुमच्या कोणत्या बाजूला कोण बसतं?" एक आजोबा म्हणाले, "उजवीकडे बायको. तेव्हा डावाच द्या!" कानवाल्यांनी उजवाच दिला.

पुढे माझ्यावरही यंत्राची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "फोनचा कान." त्यांनी लगदा मळायला घेतला.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मंगळवारी मी यंत्राची नळी बदलून घ्यायला त्यांच्या घरी जाते. नळी दर मंगळवारी बदलायची नसते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. अलीकडे बेल वाजवून मला दाराशी बराच वेळ उभं राहावं लागतं.

मागच्या मंगळवारी टेबलावर यंत्रासाठीचा अर्ज होता, त्यांच्या स्वतःच्या नावाचा. एक रकाना सोडून सगळे भरलेले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची.

"अहो, कान कोणता ते लिहिलंच नाहीत!" मी मोठ्याने म्हटलं.

"दोन्ही सारखेच गेलेत, मावशी. तपासून काही ठरत नाही."

"मग तुमचा तो प्रश्न विचारा की स्वतःला."

"विचारला ना. चार दिवस विचारतोय." ते आपल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले. "उजवीकडे स्टोव्ह. डावीकडे ही खाट, तीही रिकामी."

"राहू द्या मग. पुढच्या वर्षी भरा."

"पुढच्या वर्षी एका कानाचेही देतील की नाही, कोण जाणे."

मी नेहमीसारखी खाटेवर बसले आणि पिशवीतून यंत्राची डबी काढली. त्यांनी मान वळवून मी कुठे बसले आहे ते पाहिलं, पेन उघडलं आणि 'डावा' लिहिलं.

"मंगळवारची तरी सोय झाली," ते म्हणाले.

उरलेल्या सहा दिवसांचा विषय मी काढला नाही. नळी त्यांच्या हातात दिली. ती अजून चांगलीच होती. त्यांनी ती बदलली.