पाहुण्यांच्या खुर्चीतला स्वेटर

मालतीकाकूंनी मला फसवलं. माझ्या आईने स्वतः कातलेली लोकर त्यांनी माझ्याकडून घेतली, तुमचा स्वेटर विणते म्हणाल्या, आणि तो स्वेटर आज म्हसवडला माझ्या दाजींच्या अंगात आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल माझ्या हातून चार बरे शब्द लिहिले जाणार आहेत. वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

विश्रामबागेत माझं भांड्यांचं दुकान आहे. जत तालुक्यातून आलो तेव्हा हातगाडीवर बादल्या विकायचो. दुकान उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. दुकानामागच्या गल्लीत काकू एकट्या राहायच्या. माझा टेम्पो फाटकासमोर लावला म्हणून त्यांनी माझ्या ड्रायव्हरला झापलं, तेव्हा मी भांडायला गेलो आणि दारातूनच आवाज चढवला. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात. हात पुढे करा." मी केले. त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांत निळ्या लोकरीची लड अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला लागल्या.

"हं, बोला आता. फक्त हात हलवू नका, गुंता होतो."

हात न हलवता मला भांडता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. गुंडा होईपर्यंत टेम्पो दुसरीकडे लावायचं मी कबूल करून बसलो होतो.

काकूंच्या घरात एका वेळी पाच-सहा विणकामं चालायची आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. गॅसजवळ टोपडं; ते कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे व्हायचं. टीव्हीपुढे शाल. फोनपाशी मफलर, बहिणीचा फोन आला की तो वीतभर वाढायचा, मुलाचा आला की दोन ओळी. झोपाळ्यावर नातवाचा स्वेटर. नातू वाढत असल्यामुळे तो कधीच पुरा होत नव्हता. एका जागेचं काम दुसऱ्या जागी न्यायचं नाही. "जागा बदलली की टाके रुसतात," असं त्या म्हणायच्या. मी एकदा म्हणालो, "काकू, एकच धरा आणि संपवा की." आमच्याकडे उधारीवर चमचा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोळेकर, संपवायचंच असतं तर विकत नसतं का आणलं?"

गेल्या वर्षी आईने मेंढरं विकली. गुडघे चालेनात. शेवटच्या कातरणीची लोकर तिने कातून ठेवली होती. ती काळी, जाड लोकर पिशवीत भरून मला दिली. "ही सरली की सरलं बग. माज्या हातचं न्हाई मिळायचं परत. अंगात घालायचं कायतरी करून घे. दिवाळीला मी येते, तवा घालून दाखीव."

मी पिशवी काकूंकडे नेली. त्यांनी लोकर नाकाशी धरली. "हिला मेंढीचा वास येतोय."

"मग काय मोगऱ्याचा येणार?"

"घेते. पण जागा भरल्यात सगळ्या. पाहुण्यांच्या खुर्चीसमोरची तेवढी मोकळी आहे. पाहुणा येऊन बसला, की तुमचा स्वेटर. मापाला कधी येता?"

"गिऱ्हाईक सोडून कसा येऊ? अंदाजाने घ्या."

काका गेल्यापासून त्यांच्याकडे फारसं कुणी येत नव्हतं. महिन्याने बघितलं तर चार बोटं पट्टी झाली होती. मी बोंब मारली. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी काय रस्त्यावरून माणसं ओढून आणू?"

त्यांनी नाही, मी ओढून आणली. माल उठत नसला की दुकानदार स्वस्थ बसत नाही. बायकोला धाडलं, पण ती कमरेपर्यंत आणून कंटाळली. गणपतीची वर्गणी मागणाऱ्या पोरांना सांगितलं, "पावती फाडली तरी लगेच उठू नका, अथर्वशीर्षाचा अर्थ विचारा." सगळ्यांत भारी निघाला विमा एजंट. काकूंनी विमा काही घेतला नाही, पण त्याने एका बैठकीत स्वेटर बगलेच्या जवळ आणून सोडला.

तेवढ्यात म्हसवडहून दाजी आले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाठ दुखते म्हणून सांगलीच्या डॉक्टरकडे आले आणि आमच्या घरी मुक्काम ठोकला. दुपारभर दुकानात गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "थांबा वाईच, आमचं पाव्हणं अजून कमी करत्यात." मी त्यांना काकूंकडे पाठवायला सुरुवात केली. दुकान मोकळं आणि स्वेटर चालू! एवढा चोख सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

दाजींना चहा आणि ऐकणारं माणूस मिळालं की दुसरं काही लागत नाही. ते सिद्धनाथाच्या रथाची गोष्ट सांगायचे, काकू सुलट-उलट करत "मग?" म्हणायच्या. रोजच्या रोज खबर यायची. "पाव्हणं, उजवी बाही झाली." "पाव्हणं, गळा धरलाय." पाठ कधीच बरी झाली होती; दाजी जात नव्हते आणि मीही जा म्हणत नव्हतो.

स्वेटर झाला. मी डोक्यातून घातला. बाह्या कोपरापर्यंत, आणि पोटापाशी एक पोतं ज्वारी मावली असती.

"बगू तरी," म्हणत दाजींनी तो माझ्याकडून घेतला आणि अंगात चढवला. असा बसला की शिंप्याने पैज लावून शिवावा. "उबदार हाय गड्या," ते म्हणाले, आणि तो न काढता संध्याकाळच्या एसटीने म्हसवडला गेले.

मी तावातावाने काकूंकडे गेलो. या वेळी हात खिशात घालूनच. "माप कुणाचं घेतलं?"

"दाजींचं. आधीचं अंदाजाचं उसवून पुन्हा घातलं. ते म्हणाले, आमची दोघांची अंगकाठी एकच."

"तुम्हाला डोळे नाहीत?"

"आहेत ना. रोज समोर तेच दिसत होते." सुया थांबल्या नाहीत. "माप समोर बसलेल्याचं घ्यावं, कोळेकर. न आलेल्या माणसाचं माप कसं घेतात, ते मला ठाऊक नाही."

"मग उसवा!"

"उसवते की. आधी त्यांच्या अंगातून काढून आणा."

दसऱ्यानंतर मुलगा येऊन काकूंना साताऱ्याला घेऊन गेला. सहा पिशव्यांमध्ये सहा विणकामं गेली. माझा निरोप घेताना म्हणाल्या, "तुमच्यामुळे घरात माणसं आली हो." यावर काय भांडणार?

दिवाळीला आई आली. भाऊबीजेला बहीण आणि दाजी दारात उभे; दाजींच्या अंगात तो स्वेटर. आईने लांबूनच लोकर ओळखली. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. तिने दाजींच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळली.

"जावायाला दिलास व्हय रं? सोताला न ठेवता?" तिच्या डोळ्यांत पाणी. "मला वाटलं हुतं, दुकानात बसून बसून तुजं मन आटलं आसंल."

दाजी बेरकीपणे म्हणाले, "आमी नगं म्हणत हुतो. ऐकतंय कोण?"

बहीण रडायला लागली. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी ओवाळून घ्यायला पाटावर जाऊन बसलो. आईने गावभर सांगितलं. आता जतहून येणारा प्रत्येक जण "दिलदार मालक" म्हणतो आणि निम्म्या भावात पातेलं मागतो.

आईने मला मोठ्या मनाचा म्हटलं, ते जन्मात पहिल्यांदा. आणि ते माझं नाहीच. ते ठेवून घेववत नाही आणि परतही करवत नाही. काकू, तुम्ही तिकडे साताऱ्यात मजेत सुया चालवताय. पण हे तुम्ही केलंत, आणि उत्तर तुम्हीच द्यायचं: माझ्या आईला खरं कोण सांगणार? तुम्ही, की दाजी? कारण मी सांगणार नाही.