उपाशीपोटी पाहिलेलं हृदय

नातीसाठी लातुरात खोली केली तेव्हापासून मी कुठं नीट टेकलेली नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी एकच, तिच्यातून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. आमचं गाव हदगावकडं. तिथं सोयाबीन काढणीला आलेलं आणि मी इथं गॅसजवळ उभी. मुलगा-सून शेतात, म्हणून पोरीच्या जेवणाला मी. या इमारतीत अशा आज्या मजल्यागणिक आहेत, सगळ्यांची नातवंडं डॉक्टर व्हायला आलेली. दुपारी त्या जिन्यात बसून भाजी निवडतात. मला बसवत नाही. मी खाली जाते, परत वर येते.

नातीच्या क्लासमध्ये यंदा एक नवीन खोली झाली. डोळ्यांवर काळा डबा बांधायचा, की आपण हृदयाच्या आत उभे. रक्त कुठून येतं, कुठं जातं, ते तिथं फिरून बघायचं. एक दिवस मुलींची पाळी, एक दिवस मुलांची. पहिल्या दिवशी ती बघून आली, तर जेवताना खरकटा हात हलवून मला झडपा दाखवत होती. पुस्तकातलं हृदय रात्री पाठ व्हायचं आणि सकाळी जायचं. "आजी, आता नाही विसरणार," म्हणाली. इथं आल्यापासून अभ्यासाबद्दल ती पहिल्यांदाच आपणहून बोलली.

मग नवरात्र बसलं. सुनेनं माहूरच्या देवीला बोलून ठेवलं होतं, मेडिकलला नंबर लागेपर्यंत पोरगी कडक नवरात्र धरील. कडक म्हणजे दिवसभर पाणी, संध्याकाळी दूध आणि केळं. मला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरनं उपास बंद केलेत, म्हणून मी जेवते. एकाच खोलीत मी जेवायचं आणि तिनं बघायचं. मी भिंतीकडं तोंड करून जेवायची.

तिसऱ्या माळेला क्लासमधून फोन आला, मुलीला घेऊन जा. गेले तर ती त्या नव्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून बसलेली, तोंड पांढरं पडलेलं. शेजारी आणखी दोन पोरी तशाच. शिकवणारे सर अनवाणी होते, त्यांचंही नवरात्र. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, मुलींना हे झेपत नाही, चक्कर येते, मग त्या नकोच म्हणतात. मुलांना मात्र फार आवड आहे. दसऱ्यानंतर या खोलीतल्या मुलींच्या पाळ्याही मुलांनाच देऊन टाकू.

मग हसून मला विचारलं, आजी, तुम्ही बघता का एकदा? चेष्टा मला आवडली नाही. मी म्हटलं, बांधा. आत सगळं लाल. एक पडदा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. किळस आली, बाकी काही झालं नाही. डबा काढून दिला आणि पोरीला घेऊन निघाले.

रस्त्यात डोक्यात एकच घोळत होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला काही होत नाही आणि कोवळ्या पोरी पडतात. मी सकाळी भाकरी आणि ठेचा खाऊन आले होते.

"पडल्या त्या समद्या उपाशी व्हत्या का?"

"हो."

"आन् पोरं?"

"त्यांना कोण धरायला लावतंय?"

"मग उद्या खाऊन जा."

ती रस्त्यातच थांबली. "आणि नंबर नाही लागला तर? आई जन्मभर म्हणेल, उपास मोडला म्हणून."

सून तसं म्हणणार हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुला ते शिकायचं हाय का न्हाई, तेवढं सांग."

"शिकायचंय."

"मग मी भाकर करून ठिवते. खायची का न्हाई ते तुझं तू बघ."

सकाळी भाकरी झाकून ठेवली आणि खाली गेले. ती गेल्यावर वर येऊन बघितलं, अर्धी भाकर उरली होती. तो दिवस सरता सरेना. घासलेली भांडी पुन्हा घासली. क्लासच्या गल्लीत जाऊन तशीच परत आले. खाऊनही ती पडली तर माझं म्हणणंही खोटं आणि उपासही गेला.

उशिरा आली. कपाळावर त्या डब्याच्या पट्ट्याचा लाल वळ. त्या दिवशी मुलांची पाळी होती. सरांना विचारून ही सगळ्यांच्या मागं उभी राहिली होती.

"चक्कर आली का?"

"आली थोडी. पण शेवटपर्यंत बघितलं."

दिवेलागणीला सुनेचा रोजचा फोन आला. उपास नीट चाललाय ना, एवढंच ती रोज विचारायची. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पीठ मळत राहिले.

"आई, मी सकाळी भाकर खाल्ली."

पलीकडं मळणीयंत्र चालू होतं. सून म्हणाली, आजीला दे.

"तुम्ही सांगितलं का तिला?"

"भाकर म्या केली. खाल्ली तिनं."

"आता देवीला काय सांगू मी?"

"पोरगी शिकायलीय, म्हणून सांग."

तिनं फोन ठेवला. दसऱ्यापर्यंत पुन्हा केला नाही. नंबर लागेल की नाही, मला काय माहीत. मी सकाळी भाकरी करून ठेवायची आणि खाली जायची. वर आले की आधी ताटावरची झाकणी उचलून बघायची. दुसऱ्या दिवसापासून झाकणीखाली काही उरत नव्हतं.