मासे तळायची गाडी

व्हर्लीनमावशीनं आमच्या आर्कान्सातल्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर मासे तळून विकायची गाडी घ्यायची, म्हणून ती नऊ हजार डॉलर रोख घेऊन टेक्सासला निघाली. महामार्गावर पोलिसानं तिला अडवलं.

"एवढी रोकड कुठली, बाई?"

"माझ्या घामाची. तुझ्यासारखी पोरं शाळेत पोचवून मिळवलेली."

त्यानं कुत्र्याकडून तिची मोटार हुंगवली, काहीच सापडलं नाही. तरी "हा पैसा अमली पदार्थांचाच" म्हणत त्यानं पैशांचं पाकीट जप्त केलं, पावती दिली आणि तिला जाऊ दिलं. तिच्यावर गुन्हा नव्हताच. तिथल्या कायद्यानं खटला पैशांवरच होता, आणि ते सोडवायला तिनंच कोर्टात जायचं होतं. वकिलाची फी ऐकून तिनं नाद सोडला.

गेल्या रविवारी मी तिच्या गाडीतून चर्चला निघालो होतो. मागून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. मावशीनं गाडी कडेला घेतली, पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि पोलिसानं अडवल्यावर ठेवतात तसे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ॲम्ब्युलन्स पुढे निघून गेली, तरी हात तिथंच.

"मावशी, गेली ती."

"पर्समध्ये बारा डॉलर आहेत," ती समोर बघत म्हणाली. "भाजीचे आहेत. विचारलंच, तर तसं सांग."