शेवंता सिस्टर उठल्या नाहीत

शेवंता सिस्टर गेल्याचं माझ्या मुलीने, कुंदाने, सांगितलं त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. हिंदमातापर्यंत चालत जातो, साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकतो, परत येतो. दोन ओळी लिहितो, कागद चुरगळतो... चौथी शिकलेल्या माणसाने पेपरात लिहू नये असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मला जे माहीत आहे ते आता दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबागला गिरणीत साच्यावर कापड विणायला होतो. मोर्चात पहिल्या रांगेत असायचो, पाठीवर लाठी बसली तर आठ दिवस तो वळ लोकांना दाखवत फिरायचो. घरात मात्र वेगळंच. बायकोची, हिराची, दोन मुलं पोटातच गेली होती आणि तिसऱ्या खेपेला चौथा महिना चालू होता. माझ्या अंगावर चट्टे उठले म्हणून परळच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, तर गरमी निघाली, डॉक्टर सिफिलिस म्हणतात ती. लग्नाआधीचं आणि... नंतरचंही माझंच वागणं. दुसऱ्या कोणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवंता सिस्टर तिथे होत्या. माझ्याच वयाच्या, गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या, नुकत्याच बौद्ध झालेल्या. सुई टोचून झाल्यावर म्हणाल्या, "आता बायकोला घेऊन या. तिला सुया मिळाल्या नाहीत तर हेही मूल जाईल."

"तुम्हीच घरी येऊन टोचा. ताकदीची सुई आहे म्हणून सांगा."

"तपासल्याशिवाय देता येत नाही, कायदा आहे. आणि खोटं सांगून मी कोणाला टोचत नाही."

"मग खरं काय ते तुम्हीच सांगा तिला."

"तेही नाही. पेशंटचं दुखणं आम्ही दुसऱ्याला सांगायचं नाही, बायको झाली तरी. तुम्हाला तोंड आहे ना? मोर्चात तर लालबागपासून दादरपर्यंत ऐकू येतं."

मला राग आला. बायकोसाठी दिलेली चिठ्ठी मी रस्त्यातच फाडून टाकली.

पुढच्या रविवारी त्या आमच्या चाळीत आल्या. मी दार अडवलं. त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हा माज माझ्यात होता. तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या वाद घालत बसल्या नाहीत. गॅलरीत भिंतीला टेकून बसल्या. हिराने चहा नेऊन दिला, घरातल्या कपातून.

"बाय, तुमचा काम काय?"

"काम ह्यांच्याकडे आहे. ते सांगतील."

तासभर बसून गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेजारी कुजबुजायला लागले. कायद्याने त्यांचं तोंड बांधलं होतं, पाय नव्हते बांधले.

तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "सिस्टर, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला घरी कामं नसतात का?"

"असतात. कपडे भिजत घालून आलेय. पण हिचे दिवस थांबतायत का?"

हिराने हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय ता सांगा एकदाचा."

सांगितलं. ती म्हणाली, "माझी दोन पोरां... ती ह्याच्यामुळां गेली?"

मी मान हलवली. तेव्हा सिस्टर उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून हिराच्या सुया सुरू झाल्या. कुंदा धडधाकट जन्मली. सिस्टर त्यानंतर कितीतरी वर्षं यायच्या, आत येऊन बसायच्या. हिराही पुढे माझ्याशी बोलायला लागली. पण ती दोन मुलं हिरा जाईपर्यंत आमच्या मध्ये होती...

सिस्टरना स्मशानात पोचवून आल्यावर कुंदाने विचारलं, "बाबा, सिस्टर आपल्याकडे पहिल्यांदा कशाला आल्या होत्या?" मी म्हटलं, ओळख होती. या वयात पुन्हा खोटं.

माझं अक्षर पेपरवाल्यांना लागणार नाही, म्हणून आज हे कागद साफ लिहून काढायला तिच्याच हातात दिले. ती दारात बसून वाचते आहे. चपला घालून कुठेतरी निघून जावंसं वाटतंय. गेलो नाही. तिच्या समोर जमिनीवर बसून हे शेवटचं पान लिहितो आहे. तिने आता मान वर केली आहे.